पडलेल्या व्हीएमची रॅम वाढवण्याआधी

व्हर्च्युअल मशीन मेमरीअभावी बंद पडली की सगळ्यांना पहिला उपाय एकच सुचतो: तिला आणखी रॅम द्या. हा उपाय इतका सरळ वाटतो की त्यावर कुणी शंका घेत नाही. सांगली जिल्ह्यातल्या एका पतसंस्थेत तो करून झाला होता आणि त्यानंतर मशीन आधीपेक्षा लवकर पडू लागली होती. मला बोलावणं आलं ते त्या टप्प्यावर. तिथं जे दिसलं ते छोट्या संस्थांचे सर्व्हर सांभाळणाऱ्या प्रत्येकाच्या उपयोगाचं आहे, विशेषतः तालुक्याच्या गावी हे काम एकट्यानं ओढणाऱ्या मुलामुलींच्या. त्यांच्यासाठीच हे सविस्तर लिहितो आहे.

संस्थेकडे सर्व्हर एकच. ३२ जीबी रॅम, डिस्कची झेडएफएस पद्धतीची जोडी आणि त्यावर प्रॉक्समॉक्स. आत तीन व्हीएम चालत होत्या. विंडोज सर्व्हरच्या व्हीएमवर हिशेबाचं सॉफ्टवेअर होतं, तिला १२ जीबी. कर्जाची कागदपत्रं स्कॅन करून ठेवायला लिनक्सची एक, तिला ६. पिग्मी एजंटांच्या मशीनमधला भरणा उतरवून घ्यायला आणि खातेदारांना एसएमएस पाठवायला लिनक्सचीच दुसरी, तिला ४. बेरीज २२. ३२ मधून २२ वजा केले तर १० जीबी शिल्लक, म्हणजे कागदावर सगळं निवांत. कित्येक महिने ते चाललंही तसंच.

मग मार्चअखेर आली. आतापर्यंत आठवड्यातून एकदा होणारा बॅकअप संस्थेनं रोज रात्री घ्यायला सुरुवात केली. निर्णय अगदी योग्य होता आणि त्यात बदल करा असं मी आजही सांगणार नाही. पण त्यानंतर एका सकाळी हिशेबाची व्हीएम बंद सापडली. काउंटरवर माणसं उभी, पिग्मी एजंट मशीन घेऊन ताटकळलेले आणि व्यवस्थापक साहेब फोनवर. संस्थेचं काम पाहणाऱ्या स्थानिक तंत्रज्ञानं होस्टच्या लॉगमध्ये ‘आउट ऑफ मेमरी’ हे शब्द पाहिले, व्हीएमची रॅम १२ वरून १६ केली आणि ती चालू करून दिली. कामकाज सुरू झालं. पण पुढच्या रात्री ती पुन्हा पडली, आणि बॅकअपच्या अगदी सुरुवातीलाच पडली.

असं का झालं हे समजून घ्यायचं तर प्रॉक्समॉक्समधली व्हीएम होस्टला कशी दिसते ते पाहावं लागतं. होस्टच्या लिनक्सच्या लेखी ती फक्त एक प्रोसेस आहे. प्रॉक्समॉक्स ज्याच्या जोरावर व्हीएम चालवतं तो केव्हीएम लिनक्स कर्नलचाच भाग आहे, २००७ साली २.६.२० या आवृत्तीत तो आला. एक व्हीएम म्हणजे क्यूईएमयूची एक प्रोसेस, ब्राउझर किंवा डेटाबेस असते तशीच. तिला १६ जीबी ‘दिले’ म्हणजे १६ जीबीपर्यंत मागण्याची मुभा दिली, एवढाच त्याचा अर्थ. मेमरीची प्रत्यक्ष पानं मिळतात ती आतली ऑपरेटिंग सिस्टीम त्या मेमरीला हात लावेल तेव्हा. पतसंस्थेतल्याच माणसांना मी हे त्यांच्या व्यवहारातून सांगितलं: सगळे ठेवीदार एकाच दिवशी पैसे काढायला येत नाहीत या भरवशावर संस्था कर्जं वाटते, आणि लिनक्सही त्याच भरवशावर मेमरी वाटतो. तिन्ही व्हीएम एकाच वेळी आपापला पूर्ण वाटा मागायला उभ्या राहत नाहीत तोवर कुणाला काही जाणवत नाही.

आणि सगळे एकदम आले तर? मग कर्नलमधला ओओएम किलर जागा होतो. त्याचं काम एकच, कुणाला तरी मारून मेमरी मोकळी करायची. बळी निवडताना तो चूक कुणाची हे पाहत नाही. प्रत्येक प्रोसेसनं किती रॅम आणि किती स्वॅप व्यापली आहे, तिच्या पानांच्या तक्त्यांना किती जागा लागते याची बेरीज करतो, प्रशासकानं काही वजावाट लावून दिली असेल तर ती धरतो, आणि सगळ्यात मोठा आकडा ज्याचा त्याला मारतो. त्या क्षणी मेमरी मागणारा कुणी वेगळाच असू शकतो. व्हीएम चालवणाऱ्या होस्टवर सर्वांत मोठी प्रोसेस जवळजवळ नेहमी व्हीएमच असते आणि त्यातही सर्वांत महत्त्वाची, कारण आपण सढळ हातानं रॅम देतो ती तिलाच.

म्हणून रॅम वाढवण्यानं उलटा परिणाम झाला. १६ जीबीची व्हीएम १२ जीबीच्या व्हीएमपेक्षा मोठा आकडा घेऊन उभी होती आणि बाकीच्यांसाठी जागा चार जीबीनं आणखी कमी झाली होती. विंडोजच्या बाबतीत तर एक वाढीव गोष्ट आहे. चालू होताना विंडोज सगळी मेमरी शून्यानं भरून घेते, म्हणजे प्रत्येक पानाला हात लावते. त्यामुळे आत काम काहीही चालू नसलं तरी १६ च्या १६ जीबी पहिल्या काही मिनिटांतच होस्टकडून वसूल झालेले असतात. लिनक्सची व्हीएम हळूहळू फुगते, विंडोजची पहिल्या घटकेपासून पूर्ण वजनानं बसते.

मेमरी संपली हे कळलं की लगेच दुसरा प्रश्न विचारायचा: कुठली मेमरी, होस्टची की गेस्टची, म्हणजे आतल्या व्हीएमची? बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं, सॉफ्टवेअर बंद आणि लोक खोळंबलेले. उपाय मात्र अगदी विरुद्ध आहेत.

व्हीएम पूर्ण बंद दिसते, ‘स्टॉप्ड’ अशी नोंद आहे आणि कुणी शटडाउन केलेलं नाही, तर होस्टच्या कर्नलच्या लॉगमध्ये त्या वेळेच्या आसपास शोधा. ‘आउट ऑफ मेमरी: किल्ड प्रोसेस’ आणि पुढे कंसात केव्हीएम किंवा क्यूईएमयू असं नाव असेल, तर ती होस्टनं मारली. त्याच नोंदीत ‘कॉन्स्ट्रेंट’ या शब्दापुढे ‘नन’ आहे की ‘मेमसीजी’ तेही बघा. ‘नन’ म्हणजे आख्खा होस्ट रिकामा झाला होता. ‘मेमसीजी’ म्हणजे कुणीतरी त्या प्रोसेसच्या गटाला मर्यादा घालून ठेवली होती आणि ती ओलांडली गेली. होस्टवर तेव्हा भरपूर मेमरी मोकळी असू शकते.

व्हीएम चालू आहे, पिंग लागतो आहे, पण आतली सेवा मेली आहे, तर गेस्टच्या आत जा. लिनक्स गेस्ट असेल तर तिच्या स्वतःच्या कर्नल लॉगमध्ये तेच वाक्य सापडेल, मारलेल्या प्रोसेसचं नाव मात्र मायएसक्यूएल किंवा जावा असं काहीतरी असेल. गेस्ट मध्येच पुन्हा चालू झाली असेल तर मागच्या बूटचा लॉग मागावा लागतो, आणि तो डिस्कवर साठवून ठेवण्याची सोय आधीच केलेली असेल तरच मिळतो. नव्या लिनक्स व्हीएमवर ती सोय पहिल्याच दिवशी करून ठेवा. विंडोज गेस्टमध्ये इव्हेंट व्ह्यूअर उघडा. २००४ क्रमांकाची ‘रिसोर्स एक्झॉशन’ची नोंद असेल तर गेस्टलाच मेमरी पुरत नव्हती. फक्त ४१ आणि ६००८ या नोंदी असतील, ४१ च्या तपशिलात बगचेकचा कोड शून्य असेल आणि २००४ चा मागमूस नसेल, तर विंडोज स्वतः कोसळलेली नाही. तिच्या पायाखालची वीज गेल्यासारखं झालेलं आहे. पतसंस्थेत नेमकं हेच होतं. आतल्या विंडोजला मेमरीची काहीही तक्रार नव्हती. वाढवलेली रॅम म्हणजे ज्या रुग्णाला भूकच नव्हती त्याला वाढून ठेवलेलं ताट होतं.

या दोहोंच्या मध्ये एक फसवा प्रकार आहे आणि तो बलूनिंगमुळे होतो. गेस्टच्या आत एक ड्रायव्हर बसवायचा, त्यानं आत मेमरी अडवून धरायची आणि ती होस्टला परत द्यायची, अशी ही युक्ती. व्हीएमवेअरच्या कार्ल वाल्डस्पर्गर यांनी २००२ च्या निबंधात ती मांडली. प्रॉक्समॉक्समध्ये व्हीएमची किमान मेमरी कमालपेक्षा कमी ठेवली असेल, तर होस्टचा वापर ८० टक्क्यांच्या आसपास गेल्यावर बलून फुगायला लागतो. किमान आकडा फार खाली ठेवला असेल तर गेस्ट गुदमरते आणि तिच्या आतला ओओएम किलर डेटाबेस मारतो. लॉग गेस्टमध्ये सापडतो, कारण मात्र होस्टवर असतं. म्हणून गेस्टमध्ये ओओएम दिसला की त्या वेळी तिला प्रत्यक्षात किती मेमरी उरली होती ते तिथल्याच अहवालात तपासा. ८ जीबीच्या व्हीएमला ३ जीबीच दिसत असतील, तर बलूनकडे बघा.

होस्टच्या ओओएम नोंदीत बहुतेकांची नजर फक्त शेवटच्या ओळीवर, मेलेल्याच्या नावावर जाते. त्याच्या वरच्या शंभरेक ओळी कुणी वाचत नाही आणि नेमका पुरावा तिथं असतो. त्यात त्या क्षणी चालू असलेल्या सगळ्या प्रोसेसचा तक्ता असतो. ‘टोटल-व्हीएम’ हा आकडा बघून घाबरू नका, तो मागण्याच्या मुभेचा असतो. ‘आरएसएस’ हा खरा व्यापलेला. तक्त्यात तो पानांत दिलेला असतो आणि एक पान ४ केबीचं, म्हणजे दहा लाख पानं झाली की जवळपास चार जीबी. कागद-पेन घ्या आणि सगळ्या मोठ्या प्रोसेसचे आरएसएस बेरजेला मांडा.

पतसंस्थेच्या सर्व्हरवर ही बेरीज केली. हिशेबाची व्हीएम १६ च्या थोडी वर, कारण व्हीएमच्या रॅमशिवाय क्यूईएमयूला स्वतःचीही थोडी जागा लागते. कागदपत्रांची ६, कारण लिनक्स गेस्ट स्वतःच्या फाइल कॅशेनं मिळालेली सगळी मेमरी हळूहळू भरून टाकते आणि होस्टला ती वापरातच दिसते. पिग्मीची ३. होस्टच्या स्वतःच्या सेवा एक जीबीच्या आसपास. सगळं मिळून साधारण २६. यंत्रात होती ३१ च्या वर. मधल्या पाच जीबींचा धनी प्रोसेसच्या तक्त्यात कुठेच नव्हता.

प्रोसेसची बेरीज आणि एकूण रॅम यांत अशी तफावत आली की कर्नलकडे बोट दाखवायचं, आणि झेडएफएस असेल तर सगळ्यात आधी त्याच्या एआरसीकडे. एआरसी हा झेडएफएसचा वाचनाचा कॅशे. लिनक्सचा नेहमीचा फाइल कॅशे ‘फ्री’ या आज्ञेत ‘बफ/कॅशे’च्या रकान्यात दिसतो आणि ‘अव्हेलेबल’मध्ये धरलाही जातो. एआरसी ‘यूज्ड’मध्ये जातो. त्यामुळे बघणाऱ्याला वाटतं की व्हीएमनीच सगळं खाल्लं. हा सर्व्हर प्रॉक्समॉक्सच्या सातव्या आवृत्तीनं उभा केलेला होता आणि तेव्हाच्या रिवाजाप्रमाणे एआरसीला एकूण रॅमच्या निम्म्यापर्यंत, म्हणजे जवळपास १६ जीबीपर्यंत वाढायची परवानगी होती. ८.१ पासून नव्यानं इन्स्टॉल करताना ही मर्यादा रॅमच्या १० टक्क्यांवर आणि जास्तीत जास्त १६ जीबीवर बसवली जाते. पण जुन्या इन्स्टॉलेशनला अपग्रेड केल्यानं ती आपोआप बदलत नाही, तिथं आपणच हात घालावा लागतो.

दिवसभर एआरसी छोटाच राही, कारण वाचन कमी. रात्री बॅकअप सुरू झाला की तिन्ही व्हीएमच्या डिस्क पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचल्या जात आणि एआरसी फुगे. मेमरीची ओढाताण झाली तर तो जागा सोडतो हे खरं आहे, पण नेहमी वेळेवर सोडतो असं नाही. शिवाय झेडएफएसवर इन्स्टॉल केलेल्या प्रॉक्समॉक्सला इन्स्टॉलर स्वॅपची जागा करून देत नाही, त्यामुळे अडचणीच्या क्षणी दम घ्यायलाही वाव नव्हता. आठवड्यातून एका रात्री निभावून जात होतं, कारण तेव्हा कागदपत्रांची व्हीएम पूर्ण फुगलेली नसायची. रोजच्या बॅकअपनं आणि मार्चच्या कामानं दोन्ही गोष्टी एकाच रात्री एकत्र आणल्या. गुन्हेगार कुणी असलाच तर तो पूर्वी न केलेली बेरीज. हिशेबाची व्हीएम फक्त सगळ्यात मोठी होती.

उपाय साधा निघाला. एआरसीची कमाल मर्यादा ३ जीबी केली. प्रॉक्समॉक्सची मार्गदर्शिका दोन जीबी आणि वर साठवणीच्या प्रत्येक टीबीमागे एक जीबी असा ठोकताळा देते, इथं साठवण एक टीबीच्या घरात होती. ही मर्यादा चालू यंत्रावर लगेच लावता येते, पण कायम राहायची तर झेडएफएस मॉड्यूलच्या फाइलमध्ये लिहावी लागते, आणि रूट डिस्कच झेडएफएसवर असेल तर इनिटरॅमएफएस पुन्हा तयार करावी लागते. शेवटची पायरी विसरली की पुढच्या रीबूटला सगळं पूर्वपदावर येतं आणि दुखणं काही महिन्यांनी परत उद्भवतं. आणखी एक बारीक अट: कमाल मर्यादा ही किमान मर्यादेपेक्षा मोठी हवी, नाहीतर ती मुकाट्यानं दुर्लक्षिली जाते. किमान मर्यादा सहसा रॅमचा बत्तिसावा भाग असते, म्हणजे ३२ जीबीच्या यंत्रात एक जीबी.

हिशेबाच्या व्हीएमची रॅम मी कमी केली, १० जीबीवर आणली. त्यावर व्यवस्थापक साहेब काळजीनं म्हणाले, “अहो, मशीन मंद होईल. मार्च आहे.” त्यांची भीती रास्त होती, म्हणून आत काय चाललंय ते त्यांच्याच पडद्यावर दाखवलं. सॉफ्टवेअरचा डेटाबेस एसक्यूएल सर्व्हरच्या एक्स्प्रेस आवृत्तीवर होता. ही मोफत आवृत्ती, २०२२ ची धरली तरी, डेटा मेमरीत धरून ठेवायला १४१० एमबीच्या वर जागा घेतच नाही. १६ जीबी द्या किंवा ६४ द्या, तिला त्याचा उपयोग नाही. आवृत्ती पैसे देऊन घेतलेली असती तर गोष्ट उलटी झाली असती. तिथं ‘मॅक्स सर्व्हर मेमरी’ न बदलता सोडली तर व्यवहारात मर्यादाच नसते आणि एसक्यूएल सर्व्हर मिळेल तेवढी मेमरी भरत जातो. म्हणून व्हीएमला किती रॅम द्यायची हे ठरवताना आतल्या सॉफ्टवेअरची कमाल भूक काय आहे हे आधी विचारा. विक्रेत्याच्या पत्रकावर लिहिलेला आकडा बहुधा त्याच्या सोयीसाठी मोठा लिहिलेला असतो.

कारणं शोधण्याइतकंच महत्त्वाचं आहे पडलेली व्हीएम परत उभी कशी करायची ते. डेटाचं खरं नुकसान मी बहुतेक वेळा इथं होताना पाहिलं आहे, मेमरी संपण्यात नाही.

घाईघाईनं आख्खा सर्व्हर बटण दाबून बंद करणं हे सगळ्यात वाईट. ओओएम किलरनं व्हीएमची प्रोसेस मारली तरी होस्ट जिवंत असतो. व्हीएमनं लिहायला दिलेलं जे होस्टच्या कॅशेत थांबलं असेल, ते होस्ट सावकाश डिस्कवर उतरवतो. होस्टचाच वीजपुरवठा तोडलात तर तेही जातं. डिस्कचा कॅशे ‘राइटबॅक अनसेफ’वर ठेवलेला असेल तर नुकसान जास्त, कारण त्यात गेस्टनं आग्रहानं ‘आता लिहाच’ म्हटलेलंही लिहिलं जात नाही. बँका-पतसंस्थांच्या व्हीएमवर हा पर्याय कधीही ठेवू नये.

म्हणून होस्ट चालूच ठेवा आणि आधी लॉग वेगळ्या जागी कॉपी करा. मग ती केव्हीएम प्रोसेस खरोखर गेली आहे का ते बघा, कारण कधी कधी डिस्कची वाट पाहत ती अर्धवट अडकून राहते. त्यानंतर, चालू करण्याच्या आधी, बंद अवस्थेतल्या व्हीएमचा स्नॅपशॉट घ्या. झेडएफएसवर याला काही क्षण लागतात आणि सुरुवातीला जागाही जवळजवळ लागत नाही. पुढच्या दुरुस्तीत काहीही बिघडलं तरी पडलेल्या क्षणाची मूळ अवस्था तुमच्या हाती राहते. कामकाज खोळंबलेलं असताना एवढा वेळ काढायला धीर लागतो. तरी तो काढा, आणि समोर कुणी घाई करत असेल तर शांतपणे सांगा की खातेदारांच्या नोंदींसाठीच हे चाललं आहे.

डिस्क क्यूकाऊ-टू फाइल असेल तर व्हीएम बंद असतानाच क्यूईएमयूच्या इमेज तपासणीच्या आज्ञेनं ती तपासा. ‘लीक’ निघाले तर फार चिंता नको, तेवढी जागा वाया गेलेली असते आणि लीकपुरती दुरुस्ती निर्धोक आहे. ‘करप्शन’ निघालं तर फाइलची पूर्ण प्रत काढल्याशिवाय दुरुस्तीला हात लावू नका. चालू व्हीएमच्या इमेजवर दुरुस्ती चालवणं म्हणजे ती आपल्या हातानं बिघडवणं. २.१० या आवृत्तीपासून क्यूईएमयू इमेजवर कुलूप ठेवतं, ते याचसाठी. ‘राइट लॉक मिळत नाही’ असा संदेश आला तर ते जबरदस्तीनं मोडण्याच्या वाटा शोधू नका. जुनी प्रोसेस अजून जिवंत आहे का ते शोधा.

बॅकअपच्या मध्येच व्हीएम पडली असेल तर प्रॉक्समॉक्स कधी कधी ‘व्हीएम इज लॉक्ड’ म्हणून ती चालूच करू देत नाही. हे कुलूप वेगळं, व्हीएमच्या सेटिंग्जच्या फाइलमधलं. बॅकअपचं काम खरोखर थांबलेलं आहे याची खात्री करून ते अनलॉकच्या आज्ञेनं काढता येतं. आणि त्या रात्रीचा बॅकअप झालेला नाही, हे वहीत लिहून ठेवा.

गेस्ट चालू झाली की विंडोज आपली फाइल सिस्टीम सावरते आणि एसक्यूएल सर्व्हर डेटाबेस ‘इन रिकव्हरी’ दाखवतो. पूर्ण झालेले व्यवहार लॉगवरून पुन्हा बसवणं आणि अर्धवट राहिलेले मागे घेणं हे काम तो तेव्हा करत असतो. याला वेळ लागतो. या वेळात कंटाळून व्हीएम रीस्टार्ट केली तर तो पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. थांबा. झाल्यावर डेटाबेसची अंतर्गत तपासणी चालवा आणि मग हिशेबनीसाला बसवून शेवटच्या तासातल्या पावत्या पडद्यावरच्या नोंदींशी ताडून घ्या. पोस्टग्रेएसक्यूएल आणि मायएसक्यूएलचं इनोडीबी याच पद्धतीनं सावरतात. जुन्या मायआयएसएएम तक्त्यांना मात्र ही सोय नाही, त्यांची दुरुस्ती वेगळी करावी लागते. असे तक्ते अजून कुठे असतील तर ते इनोडीबीत नेण्याचं काम पुढच्या मार्चची वाट न बघता उरका.

‘ओओएम स्कोअर अ‍ॅडजस्ट’ उणे १००० करून व्हीएमला अभय द्या, असा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईल. उणे १००० म्हणजे ओओएम किलर तिला कधीच हात लावणार नाही. मी हे करत नाही. मेमरी तरीही कमीच असते, आणि मग दुसरी व्हीएम किंवा होस्टचीच एखादी सेवा जाते आणि शोध अधिक अवघड होतो. अगदी जपायचीच व्हीएम असेल तर थोडीशी वजावाट द्या, आणि तीसुद्धा रॅमची बेरीज जमवून झाल्यावर. थोडी स्वॅप जागा मात्र जरूर ठेवा, झेडएफएसच्या आत नको, वेगळ्या पार्टिशनवर. स्वॅप भरू लागली की तो इशारा समजायचा. त्याहून चांगला इशारा लिनक्स ४.२० पासून, म्हणजे २०१८ च्या अखेरीपासून कर्नलमध्येच आहे: मेमरीच्या दाबाचं मोजमाप. किती टक्के वेळ कामं मेमरीसाठी अडून राहिली हे तो आकडा थेट सांगतो. रात्रीच्या बॅकअपमध्ये तो शून्याच्या आसपास राहिला पाहिजे. कार्ड पासथ्रू केलेली व्हीएम असेल तर तिची सगळी मेमरी होस्टवर खिळून राहते आणि बलून तिथं उपयोगी पडत नाही, हेही बेरजेत धरा.

घरच्या लॅपटॉपवर व्हर्च्युअलबॉक्समध्ये सराव करणाऱ्यांना एवढंच सांगतो. ८ जीबीच्या विंडोज लॅपटॉपवर ६ जीबीची व्हीएम लावू नका. मेमरीच्या सरकपट्टीचा हिरवा भाग ज्या जागी संपतो त्याच्या अलीकडे थांबा. विंडोज होस्टवर ओओएम किलर नसतो, पण रॅम आणि पेजफाइल मिळून होणारी मर्यादा संपली की व्हीएमची मागणी नाकारली जाते आणि ती ‘अबॉर्टेड’ दिसते. अशा वेळी व्हीएमच्या लॉग फोल्डरमधली फाइल वाचा आणि ब्राउझर बंद करून मग चालू करा.

पतसंस्थेचा सर्व्हर आता असा उभा आहे: व्हीएमना १०, ४ आणि ४, एआरसीला ३, होस्टला आणि क्यूईएमयूच्या वरखर्चाला तीन-साडेतीन, आणि उरलेली जागा मोकळी. कागदपत्रांच्या व्हीएमचे ६ वरून ४ केले तरी कुणाला फरक जाणवला नाही. बॅकअप रोज रात्रीच होतो. त्यानंतर संस्थेनं कॅमेऱ्यांच्या रेकॉर्डिंगसाठी ८ जीबीची चौथी व्हीएम मागितली आहे. मोकळी जागा पाहून ती बसेल असं त्यांना वाटतं. पण मी रॅमची ही बेरीज त्यांच्यासमोर पुन्हा मांडली आणि सर्व्हरला त्याच जातीची आणखी रॅम बसेपर्यंत कॅमेरे वेगळ्या रेकॉर्डरवरच राहू द्या असं सुचवलं. रॅमचं कोटेशन मागवलेलं आहे.